जिन्याखालची रोडकिंग

उस्तादांनी लांब पेचकसाचं टोक क्रँककेसवर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडावर दाबली आणि डोळे मिटून घेतले. बैरसिया रोडवरून मंडीतले कांद्याचे ट्रक एकामागून एक बाहेर पडत होते. शेजारच्या दुकानात ग्राइंडर चालू होता. मागे एक ट्रॅक्टर विनाकारण धडधडत उभा होता. या सगळ्यातून त्यांना नेमकं काय ऐकू येत असेल, हा प्रश्न माझ्या चेहऱ्यावर दिसला असावा. त्यांनी पेचकस माझ्याकडे दिला. "लो, खुद सुन लो."

मला ऐकू आला तो नुसता खडखडाट. त्यांना त्यात दोन आवाज वेगळे लागत होते. एक पिस्टनचा, तो अजून दोन-चार वर्षं चालला असता. दुसरा क्रँकच्या बेअरिंगचा. "ये वाला नहीं चलेगा, मियां. खोलना पड़ेगा."

करोंद म्हणजे भोपाळचं उत्तरेकडचं टोक. जुन्या शहरातून भोपाळ टॉकीज, डीआयजी बंगला मागे टाकत बैरसियाच्या दिशेला निघालं की दुकानांच्या पाट्यांवरून फॅशन उतरत जाते आणि टायर, पत्रा, वेल्डिंग, ट्रॅक्टरचे सुटे भाग चढत जातात. मग करोंद चौराहा. इथली घाऊक मंडी सगळ्या शहराला भाजी पुरवते. एम्सकडून निघालेली मेट्रोची केशरी लाईन इथेच संपायची आहे. अरेरा कॉलनीतला मराठी माणूस इकडे फारसा फिरकत नाही. मीही फिरकलो नसतो. पण जुन्या टू-स्ट्रोक गाडीचं इंजिन उघडून पुन्हा तसंच मिटवणारा माणूस कुठे मिळेल, असं ज्याला विचारावं तो करोंदकडे हात दाखवायचा.

गाडी माझ्या वडिलांची. येझ्दी रोडकिंग, १९८१ ची.

आमचं घराणं मूळचं नागपूरचं. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला आली. नागपूरच्या सचिवालयातले कारकून फायली, बायकापोरं आणि वरवंटे-पाटे घेऊन इकडे आले, त्यांत आमचे आजोबा. सरकारी क्वार्टर मिळालं टी. टी. नगरात. टी. टी. म्हणजे तात्या टोपे, हे तिथे वाढलेल्या निम्म्या मराठी पोरांनाही मोठेपणीच कळतं. बाबांनी त्याच क्वार्टरासमोर रोडकिंग उभी केली तेव्हा शेजारच्या जोशीकाकूंनी तिला कुंकू लावलं आणि आजोबा म्हणाले, "इतका धूर काढते, एवढं पेट्रोल पिते, आणि कामाला फक्त दोन माणसं?"

त्यांचं चुकलं. कामाला चार माणसं होती. टाकीवर मी, बाबा, मागे आई, आईच्या मांडीवर ताई आणि ताईच्या मांडीवर दळणाचा डबा.

२००१ नंतर गाडी रस्त्यावर आली नाही. नव्या घरात ती जिन्याखाली गेली. हँडलला कांद्यांची जाळीची पिशवी लटकू लागली, मागच्या सीटवर रद्दी चढली. बाबा गेले त्यानंतर तिच्याकडे बघायलाही नको वाटायचं. भंगारवाला दर दिवाळीला भाव सांगून जायचा. एकदा आईनेच त्याला सांगितलं, "अरे, ती विकायची नाहीये. तू रद्दी ने."

त्यानंतर मी शहाणपणा केला. शहरातल्या एका चकचकीत गॅरेजात गाडी दिली. तीन महिन्यांनी ती परत आली तेव्हा टाकीवर लालभडक रंग होता आणि आत दुसऱ्याच कुठल्या गाडीचा कार्ब्युरेटर. मूळचा कुठे गेला, हे सांगायला तिथे कुणी नव्हतं. जुन्या गाडीच्या बाबतीत हे नेहमीचं आहे. रंग सगळ्यांना दिसतो, कार्ब्युरेटर एखाद्यालाच कळतो.

आता जरा मागे जायला हवं, कारण रोडकिंग ही नुसती आमच्या घरातली गोष्ट नाही.

फ्रांतिशेक यानेचेक नावाच्या झेक कारखानदाराने १९२९ साली जर्मनीच्या वांडरर कंपनीकडून मोटरसायकलचा आराखडा विकत घेतला. यानेचेकचा 'जा' आणि वांडररचा 'वा', झाली जावा. यानेचेक मुळात शस्त्रं बनवणारा. त्याच देशातली दुसरी कंपनी सीझेड, तीही शस्त्रांचाच कारखाना. इंग्लंडातल्या बीएसएच्या नावात तर बर्मिंगहॅमची 'लहान शस्त्रं' उघडच बसलेली आहेत. मराठी वाचकाला बीएसए म्हणजे सायकल आठवेल, एसएलआर, हँडलला टोपली लावून शाळेत नेलेली. ती सायकल मद्रासकडच्या कंपनीने त्याच नावाने काढली होती. बंदुकीची नळी सरळ आणि मजबूत ओढता आली की सायकलची आणि मोटरसायकलची चौकटही ओढता येते, एवढाच त्यातला संबंध.

जावाचं महायुद्धानंतरचं मॉडेल म्हणजे पेराक. जर्मनांच्या ताब्यात असलेल्या कारखान्यात ते चोरून आखलं गेलं. नाव पडलं ते प्राग शहरातल्या एका दंतकथेवरून: पायांना स्प्रिंगा लावून छपरांवरून उड्या मारणारा आणि जर्मन शिपायांना चकवणारा माणूस.

उड्यांचा विषय निघालाच आहे. रस्ता सोडून माळावर, चिखलात, चढउतारांवर मोटरसायकली पळवण्याची शर्यत १९२४ च्या मार्चमध्ये इंग्लंडात कॅम्बर्लीजवळ झाली. तिला तेव्हा 'स्क्रँबल' म्हणाले, म्हणजे धक्काबुक्की करत पुढे घुसणं. युरोपात तिचं 'मोटोक्रॉस' झालं. १९५७ पासून पाचशे सीसीची आणि १९६२ पासून अडीचशे सीसीची जागतिक स्पर्धा भरू लागली. साठच्या दशकात तिथे दोन नावं गाजली. एक बीएसएवरचा इंग्रज जेफ स्मिथ, १९६४ आणि १९६५ चा पाचशे सीसीचा जगज्जेता. दुसरं सीझेड. १९६४ साली वीस वर्षांच्या योएल रोबेर या बेल्जियन पोराने सीझेडवर अडीचशेचा किताब मारला. १९६६ ला पूर्व जर्मनीच्या पाउल फ्रीडरिक्सने सीझेडवरूनच पाचशेचा किताब घेतला, आणि पुढची दोन वर्षंही सोडला नाही. पाचशेच्या वर्गात टू-स्ट्रोक गाडी जिंकण्याची ती पहिली वेळ.

त्याच १९६६ साली बीएसएने स्मिथसाठी टायटॅनियमची चौकट बनवली होती. हलकी, महाग, देखणी. ती तडकायची, आणि तडकली की मैदानावर तिला डाग देता यायचा नाही, कारण टायटॅनियमला साध्या हवेत वेल्डिंग होत नाही. हा किस्सा मी उस्तादांना सांगितला तेव्हा ते पोट धरून हसले. "तो ऐसी चीज़ बनाई ही क्यों, जो सड़क पे न जुड़े?" करोंदमध्ये गाडीच्या गुणवत्तेची ही एकच कसोटी आहे, आणि मला ती पटते.

जावा आणि सीझेड दोन्ही युद्धानंतर सरकारच्या ताब्यात गेल्या आणि एकमेकींच्या हातात हात घालून चालल्या. सीझेडकडे मोटोक्रॉस, जावाकडे सहा दिवसांची ती भयंकर डोंगरयात्रेसारखी शर्यत. त्यातही झेक संघ सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सलग जिंकत होता. आणि याच सुमारास, या घराण्याची एक शाखा म्हैसूरच्या यादवगिरीत धूर काढत होती.

मुंबईचे पारशी-इराणी रुस्तम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला 'आयडियल जावा' काढली. १९६१ पासून तिथे गाड्या बनू लागल्या. पुढे जावाचं नाव गेलं आणि 'येझ्दी' आलं. इराणी मंडळींचं मूळ गाव इराणातलं यझ्द, त्यावरून. झेक भाषेत स्वारी करण्याला जो शब्द आहे तोही कानाला असाच लागतो, हा योगायोग जावावेडे लोक फार प्रेमाने सांगतात. १९७८ ला रोडकिंग आली. अडीचशे सीसी, सोळा अश्वशक्ती, एक सिलिंडर आणि त्याला दोन सायलेन्सर. तिच्या इंजिनात सीझेडच्या मोटोक्रॉस गाडीचं रक्त आहे, असं जुने मिस्त्री छातीठोकपणे सांगतात. उस्तादही सांगतात. रोबेर कोण हे त्यांना ठाऊक नाही. पण एवढ्याशा सिलिंडरातून इतका ओढा कसा निघतो आणि चिखलात गाडी बसत कशी नाही, याला त्यांच्याकडे दुसरं उत्तर नाही.

आणि ती एकच लिव्हर! जावा-येझ्दी न पाहिलेल्या पिढीला हे समजावणं कठीण. किक आणि गिअर एकाच दांडीला. दांडी आत दाबून वर फिरवली की ती किक, मारून झाली की पायाने परत पुढे आणली की तीच गिअर. परका माणूस गाडी चोरायला आला तर किक शोधण्यातच त्याची पहाट व्हायची. जुन्या जावाची किल्लीही तशीच. दात नसलेली, नुसती खुंटीसारखी आत खुपसायची. किल्ली हरवली तर खिळ्याने काम भागायचं. म्हणजे चोराचं किल्लीवाचून अडायचं नाही, किकवाचून अडायचं.

इंजिन उघडलं त्या दिवशी मी रजा टाकली होती.

क्रँक बाहेर आला तो काळ्या तेलात माखलेल्या मोठ्या फळासारखा. उस्तादांनी तो रॉकेलात धुतला, कनेक्टिंग रॉड दोन बोटांत धरून वर-खाली हलवला आणि माझ्याकडे बघितलं. मलाही ते ढिलेपण दिसलं. बारीकच, केसाएवढं. पण मिनिटाला काही हजार फेऱ्या मारताना तोच केस कुऱ्हाडीसारखा आपटतो. क्रँकची दोन चाकं एका पिनवर दाबून बसवलेली असतात. प्रेसवर ती अलग करायची, नवा रॉड, नवी पिन, नवं बेअरिंग घालून पुन्हा दाबायची. कठीण काम त्यानंतरचं. दोन्ही चाकं एका रेषेत आली पाहिजेत. उस्तादांनी क्रँक लेथच्या दोन टोकांत धरला, डायल गेजची सुई टेकवली आणि हाताने फिरवला. सुई थरथरली. तांब्याच्या हातोडीचा एक टोला. पुन्हा फिरवला. पुन्हा टोला, या वेळी दुसऱ्या बाजूने, हलकेच, झोपलेल्या पोराला थोपटावं तसा. पाऊण तास हेच. चहा दोनदा येऊन गार झाला. शेवटी सुई जवळजवळ जागची हलेना, तेव्हा त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि पहिल्यांदा बिडी पेटवली.

पेट्रोलची टाकी आतून गंजली होती. तिची दवा बघण्यासारखी. आत मूठभर नट आणि थोडं डिझेल, तोंड घट्ट बंद, टाकी गोणपाटात गुंडाळली आणि मंडीत माल टाकून रिकाम्या परतणाऱ्या एका ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला दोरीने आवळली. ट्रॅक्टरवाला ओळखीचा. तो जवळच्या गावी जाऊन संध्याकाळी परत आला तेव्हा टाकीतून विटकरी चिखल निघाला आणि आत पत्रा चमकत होता. सायलेन्सर शेजारच्या भट्टीत लाल होईपर्यंत तापवले. वीस वर्षांची काजळी जळून पापुद्र्यांनी गळून पडली.

कार्ब्युरेटर मात्र मिळेना. भोपाळात कबाडखाना नावाची वस्तीच आहे, तिथे दोन रविवार घातले. पुण्याच्या मावसभावाला जुन्या बाजारात पाठवलं, तो बुधवारी गेला आणि पितळी दिवा घेऊन आला. दिल्लीच्या करोलबागेतून एक आला तो नवा, नकली, चकाकणारा. उस्तादांनी तो हातात घेऊन तोलला आणि मला परत दिला. अखेर खरा सापडला तो बैरसियाकडच्या एका दूधवाल्याच्या घरी, जात्याशेजारी. त्याची गाडी केव्हाच मोडीत गेली होती. कार्ब्युरेटर त्याने ठेवला होता, कारण "अच्छा था".

या दूधवाल्यांविषयी लिहिलंच पाहिजे. मोटोक्रॉस म्हटलं की आपल्याला हेल्मेट, रंगीत जर्सी आणि हवेत उडालेली गाडी दिसते. २०२४ च्या जानेवारीत पुण्याला बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली. स्टेडियममध्ये माती आणून टेकाडं रचली आणि खास त्यासाठीच बनलेल्या परदेशी गाड्या त्यावरून उडाल्या. बघायला ते छानच. पण आपल्याकडे तीस-चाळीस वर्षांपूर्वी मोटोक्रॉससाठी वेगळी गाडी मिळणार कुठून? रस्त्यावरचीच गाडी सोलायची. दिवा काढा, मडगार्ड वर उचला, सायलेन्सर वर वळवा, मागे जाड नक्षीचा टायर घाला, झालं. बैरसिया रोडवरच्या दूधवाल्यांनी यातलं काही न करताच ते केलं. दोन्ही बाजूंना किटल्या, मागे आणखी एक, पावसाळ्यात गुडघाभर काळी चिकणमाती आणि पहाटेच्या आत शहरात दूध पोचलं पाहिजे. माळव्याची काळी माती पावसात चाकाला कशी धरते, हे ज्याने अनुभवलं आहे त्याला कॅम्बर्लीचं कौतुक सांगू नये. राजदूत आणि येझ्दी या दोन गाड्या इथे टिकल्या त्या हौशी लोकांमुळे नाहीत. मुंबई-पुण्यात जुन्या गाड्यांचे मेळावे भरायला लागण्याच्या कितीतरी आधीपासून दूधवाले त्या चालवत होते, आणि दूधवाले चालवत होते म्हणून उस्तादांसारखे मिस्त्री त्या विसरले नाहीत.

मग त्या मेल्या कशा? साधं आहे. १९८४-८५ पासून जपानी शंभर सीसीच्या गाड्या आल्या. सुझुकी, यामाहाची आरएक्स १००, हिरो होंडाची सीडी १००. मध्यमवर्गाला कमी पेट्रोल, कमी धूर, कमी कटकट पाहिजे होती. आजोबांचा मुद्दा शेवटी बाजाराने मान्य केला. त्यात कर्ज, कामगारांचे तंटे, धुराचे नियम. १९९६ साली म्हैसूरचा कारखाना बंद पडला.

नावाचं मात्र तसं होत नाही. ते कुणाच्या तरी जिन्याखाली शिल्लक राहतं आणि त्याची किंमत वाढत जाते.

महिंद्रांनी ही किंमत ओळखली. आनंद महिंद्रा, अनुपम थरेजा आणि रुस्तम इराणींचे चिरंजीव बोमन इराणी यांनी मिळून 'क्लासिक लेजंड्स' ही कंपनी उभी केली. (हे बोमन इराणी मुंबईतले बांधकाम व्यावसायिक, मुन्नाभाईतले डॉक्टर नव्हेत.) २०१६ साली त्यांनी बीएसए विकत घेतली. जावाचं नाव झेक कंपनीकडून परवान्याने आलं. १५ नोव्हेंबर २०१८ ला जावा परत बाजारात आली: दोनशे त्र्याण्णव सीसी, फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारं इंजिन, दीड लाखाच्या वर किंमत. सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन, हे मात्र आवर्जून राखलेलं. महिना-दीड महिन्यात सप्टेंबर २०१९ पर्यंतची बुकिंग संपली. जानेवारी २०२२ मध्ये येझ्दी आली, तीन गाड्यांनी, त्यातल्या एकीचं नाव स्क्रँबलर. १५ ऑगस्ट २०२४ ला बीएसएची गोल्ड स्टार भारतात विकायला निघाली. १९६६ मध्ये युरोपच्या चिखलात एकमेकांना कोपरं मारणाऱ्या दोन घराण्यांच्या पाट्या आज एकाच मालकाच्या दाराला आहेत.

आणि यातला आम्हा मध्य प्रदेशवाल्यांचा भाग असा, की नव्या जावा-येझ्दी बनतात पिथमपूरला. इंदूरच्या पलीकडे, धार जिल्ह्यात. सव्वाअकरा किलोमीटरचा तो भलामोठा चाचणी-रस्ता आहे तिथेच. करोंदहून चार-पाच तास. पण या भागात पिथमपूर म्हटलं की गाड्यांच्या आधी दुसरंच आठवतं. १९८४ च्या डिसेंबरमधल्या त्या रात्रीचा युनियन कार्बाइड कारखाना इथून फार लांब नाही. तिथे चाळीस वर्षं पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा २०२५ च्या पहिल्याच रात्री बारा कंटेनरांत भरून पिथमपूरला जाळायला नेला. त्या रात्री इथे बरेच लोक रस्त्यावर उभं राहून बघत होते म्हणे. उस्ताद त्याविषयी बोलत नाहीत. मीही विचारलं नाही.

नव्या जावाविषयी मात्र ते भरभरून बोलतात. गाडी त्यांनी चालवून बघितली आहे. "अच्छी है. ब्रेक अच्छा, बैठक अच्छी, धुआं नहीं." मग थोडं थांबून: "मगर ये जावा का बेटा नहीं है, मियां. भतीजा है. शक्ल मिलती है."

यात थोडी पोटदुखीही आहे, हे कबूल करायला हवं. नवी गाडी त्यांच्या दुकानात येत नाही. तिला तपासायला संगणक लागतो, पेचकस कानाला लावून भागत नाही. आणि खरं सांगायचं तर टू-स्ट्रोकला पुन्हा जन्म देणं आज शक्य नाही आणि देऊही नये. आमची रोडकिंग सुरू झाली की शेजारचा फळवाला टोपलीवर कापड टाकतो. पुतण्या तर पुतण्या, तो घराण्याचं नाव चालवतो आहे आणि त्याच्या फुफ्फुसांत दोष नाही, हे काय कमी? माझी तक्रार वेगळी आहे. ज्या नावावर लाखाच्या वर किंमत लावता, ते नाव ज्या जुन्या गाड्यांनी कमावलं त्यांचे क्रँकचे रॉड, ऑइल सील, कार्ब्युरेटर कंपनीने रीतसर बनवून का विकू नयेत? गिऱ्हाईक थोडं असेल, पण ते कर्ज काढून येईल. युरोपात जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांवर चांगले धंदे चालतात. आपल्याकडे दिल्लीचा नकली माल नाहीतर दूधवाल्याचं जातं.

नाव कुणाचं, हा वाद कोर्टातही गेला. आयडियल जावा दिवाळखोरीत निघालेली. तिच्या मालमत्तेत येझ्दी हे नावही येतं की ते इराणींच्या वारसाचं? डिसेंबर २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी ते बुडालेल्या कंपनीचंच असल्याचा निकाल दिला. त्यावर अपील झालं, स्थगिती मिळाली आणि येझ्दी नावाच्या गाड्या विकल्या जात राहिल्या. मी हे करोंदमध्ये वाचून दाखवलं तेव्हा सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मग एका पोराने विचारलं, "तो हमारी गाड़ी पे जो लिक्खा है, वो किसका है?"

गाडी तयार झाली ती धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी. मुद्दाम नव्हे, योगायोगच. टाकीवरचा लालभडक रंग खरवडून उस्तादांनी खालचा मूळ काळपट हिरवा जेवढा मिळाला तेवढा राखला होता. लिटरमागे चाळीस मिली तेल घातलेलं पेट्रोल भरलं. मी दांडी आत दाबली, वर फिरवली. पहिल्या किकला काही नाही. दुसऱ्याला एक खोकला. तिसऱ्याला ती लागली. धूर आधी पांढरा, मग निळसर, मग विरळ. आणि तो आवाज, दोन सायलेन्सरांतून येणारा, मधेच श्वास घेणारा. मला तो टी. टी. नगरच्या गल्लीच्या वळणावरून यायचा. तो आला की आई गॅसवर तवा ठेवायची.

मी गाडीवर बसलो तेव्हा उस्तादांनी हात आडवा घातला. "काग़ज़?"

कागद आईच्या कपाटात आहेत. आर.सी. बाबांच्या नावावर. नोंदणीची मुदत २००१ मध्येच संपलेली. विमा नाही. म्हणजे दीड वर्ष आणि एका जुन्या स्कूटीएवढे पैसे घालून जी गाडी चालती केली, ती मला करोंद चौराह्यावरून घरापर्यंत कायद्याने नेता येत नव्हती. चूक कुणाची नाही, माझीच. क्रँकच्या केसाएवढ्या ढिलेपणाची काळजी केली, कागदाची केली नाही. शेवटी रोडकिंग घरी आली ती लोडिंग ऑटोच्या पाठीवर, दोऱ्यांनी बांधून, फुलकोबीच्या दोन गोण्यांशेजारी. आईने दारात दिवा घेऊन तिला ओवाळलं आणि विचारलं, "चालत नाही का अजून?"

म्हणून हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या जिन्याखाली, गोठ्यात किंवा गच्चीवर अशी एखादी जावा, येझ्दी, राजदूत उभी आहे त्यांना सांगतो. भंगारवाल्याला नाही म्हणा, हे झालंच. गाडी पन्नास वर्षांची झाली असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे वीस हजार रुपये भरून ती विंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. पण मग ती रोजच्या कामाला नाही, मेळाव्याला आणि प्रदर्शनालाच. त्याहून लहान असेल तर नेहमीचंच नूतनीकरण. मात्र यातलं काहीही करण्याआधी आर.सी. कुणाच्या नावावर आहे ते बघा. मालक हयात असेल तर आजच त्यांना घेऊन परिवहन कार्यालयात जा. सहीचं काम आहे, अर्ध्या दिवसात उरकतं. नसेल तर वारसाने भरायचा अर्ज वेगळा. त्याचा क्रमांक एकतीस, सोबत मृत्यूचा दाखला लागतो. माझा भरून झाला आहे. आईची सही तेवढी राहिली आहे, ती भाऊबीजेनंतर करते म्हणाली.